हजेरीपटावरचे अण्णा

माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर छापील नावं एकेचाळीस होती. बेचाळिसावं मी पेन्सिलीनं लिहिलं होतं, आणि ते सत्तरी ओलांडलेल्या एका गवंड्याचं होतं. एकदा ते नाव पुकारायचं राहिलं, तर तास संपल्यावर ते टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर, आज मी आलतो." आवाजात तक्रार नव्हती. पण चेहरा असा होता की पुढच्या तासापासून मी हजेरी शेवटून घ्यायला लागलो.

बेळगावला लागून असलेल्या कंग्राळीत सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, म्हणून मीही अण्णाच म्हणायचो. ते माझे घरमालक. बेळगावच्या एका कॉलेजात आर्किटेक्चरच्या मुलांना थिअरी शिकवायला मी पुण्याहून आलो, तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली. माझ्याकडे तेव्हा दोन पदव्या होत्या आणि उंबरठा या विषयावरचा एकशे ऐंशी पानांचा प्रबंध होता. त्यात उंबरठ्याचे नऊ प्रकार सांगितले होते. प्रत्यक्षात मी आयुष्यात एकही उंबरठा बसवलेला नव्हता. परीक्षकांपैकी कुणी ते विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही.

खोली दाखवताना अण्णांनी विचारलं की मी इंजिनिअर आहे का. मी म्हटलं, आर्किटेक्ट. म्हणजे घरं बांधतासा, असं ते म्हणाले. मी म्हटलं, बांधत नाही, शिकवतो. कसं बांधायचं ते? तेही नाही, मी म्हटलं, बांधण्यामागचा विचार शिकवतो. हे वाक्य मी तोवर बऱ्याच ठिकाणी वापरलं होतं आणि ते नेहमी चांगलं पडायचं.

अण्णांनी जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "पन्नास वर्सं भिंती बांधल्या, सर. मागं विचार असतोय, हे कुणी सांगितलंच न्हाय बघा."

ते मला टोमणा मारताहेत, अशी माझी जवळजवळ वर्षभर समजूत होती. ते खरोखरच हळहळत होते, हे कळायला मला तेवढा वेळ लागला. अण्णांना टोमणा मारता येत नसे. माणसानं एखादी गोष्ट सांगितली म्हणजे ती त्यानं तपासूनच सांगितली असणार, असं ते धरून चालत. भिंतीच्या बाबतीत मात्र ते कुणावरही विश्वास ठेवत नसत. स्वतःवरही नाही. कालच आपण उभी केलेली भिंत ते आज पुन्हा ओळंबा लावून बघत.

अंगानं लहानखुरे, मनगटं मात्र दुसऱ्याच एखाद्या थोराड माणसाची असावीत तशी. सिमेंट आणि चुना यांनी बोटांवरच्या रेषा पार खाऊन टाकल्या होत्या. रेशनच्या दुकानातलं यंत्र त्यांचा अंगठा ओळखत नसे. दर महिन्याला त्यांच्या बायकोला, आक्कांना, सोबत जावं लागे. "रेषा सगळ्या भिंतीवर गेल्या," असं ते दुकानदाराला समजावून सांगत, आणि दुकानदार पुढच्या महिन्यात परत तेच विचारी. त्यांना हे काम शिकवणारा मेस्त्री गोकाककडचा होता, त्यामुळे विटा, पायऱ्या, पावलं सगळं ते कानडीत मोजत, ओंदु, येरडु, मूरु. मजुरांवर रागावत मराठीत. माझ्या तासाला यायला लागल्यावर त्यात इंग्रजीची भर पडली. शेजाऱ्यानं नवा गोठा बांधला तेव्हा अण्णा दोन्ही हात मागं बांधून तो सगळीकडून बघून आले आणि आक्कांना म्हणाले, "गोठा चांगला हाय. कॉन्सेप्ट चुकलाय."

ते तासाला यायला लागले त्याला कारण मीच. मुलांना विटांचे थर कसे रचतात ते दाखवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी त्यांना बोलावलं. त्यांनी कॉलेजच्या अंगणात तासाभरात कमरेएवढी भिंत उभी केली आणि मुलांनी फोटो काढले. मग माझा तास होता. अण्णा हात धुऊन आत आले आणि मागच्या बाकावर बसले. मला वाटलं दमले असतील. पुढच्या आठवड्यात ते इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून परत आले, हातात दोनशे पानी वही. आमच्या विभागप्रमुखांनी हे कोण म्हणून विचारलं, तेव्हा मी काहीतरी भारदस्त इंग्रजी बोललो आणि ते पटल्यासारखं दाखवून निघून गेले.

वर्गात अण्णा फार बोलत नसत. पण एक प्रश्न त्यांच्याकडून हमखास येई. मी सांगावं की अमुक एका विचारसरणीप्रमाणे भिंत ही आधार नसून पडदा असते, तर अण्णा हात वर करत आणि विचारत, "सर, हे कुणी करून बघितलंय?" मी फ्रान्सचं नाव घेई. फ्रान्सचं नाव घेतलं की सहसा कुणी पुढं विचारत नाही. अण्णा विचारत, "तिथं पाऊस किती?"

मुलं हसायची. अण्णा हसत नसत. ते पेन उघडून उत्तराची वाट बघत असत. फ्रान्समध्ये पाऊस किती पडतो हे मला त्या वर्षी शोधून काढावं लागलं.

खरी पंचाईत घरी होती. कॉलेजात ऐकलेली गोष्ट घरी करून बघितल्याशिवाय अण्णांना चैन पडत नसे, आणि त्या घरात मी राहत होतो. मोठ्या दालनाचा मोठेपणा जाणवायचा असेल तर माणसाला आधी बुटक्या, अरुंद जागेतून न्यावं, असं मी एकदा वर्गात सांगितलं. चांगला झाला होता तो तास. चार दिवसांनी संध्याकाळी मी घरी आलो आणि बाहेरच्या बोळात पहिल्याच पावलाला कपाळ आपटलं. अण्णांनी बोळाभर साडेपाच फुटांवर बांबूच्या तट्ट्या बांधल्या होत्या. ते पलीकडच्या ऐसपैस ओसरीत, सोप्यात, वही घेऊन बसले होते.

"आत आल्यावर काय वाटलं, सर?"

काय वाटलं ते मी सांगितलं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ते हाच प्रश्न विचारत होते. आक्कांच्या बहिणीला मोठं मोठं वाटलं. दूधवाल्याला काहीच वाटलं नाही, कारण तो साडेपाच फुटांच्या आतला होता. गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन आलेल्या माणसाला जे वाटलं ते त्यानं मोठ्यानं सांगितलं, आणि अण्णांनी ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. पंधरा दिवसांनी आक्कांनी त्या तट्ट्या काढून चुलीपाशी नेऊन ठेवल्या. मग जिन्यात मला थांबवून त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही शिकवा. पण जरा बेतानं शिकवा."

आता मागं वळून बघताना वाटतं, माझ्या बोलण्यावर एवढा विश्वास आयुष्यात दुसऱ्या कुणी ठेवला नाही. मी स्वतः तर नव्हताच ठेवला. अण्णा गेले त्याला तीन वर्षं होतील. ते असताना मी त्यांच्याबद्दल मित्रांना जे किस्से सांगायचो त्यात हसण्यासारखे तेच असायचे, आणि मी कपाळाला पट्टी लावलेला एक सहनशील विद्वान असायचो.

मग बोरगावचं घर आलं.

बोरगाव निपाणीच्या पुढं. तिथले एक तंबाखू पिकवणारे जैन शेतकरी, आप्पा, अण्णांकडे आले होते. अण्णांनी त्यांच्या एका नातलगाचं घर पूर्वी निपाणीत बांधलं होतं. आप्पांचं जुनं घर गावातल्या अडचणीच्या बोळात होतं, त्याच्या पायऱ्या उंच, आणि त्यांच्या आईचे गुडघे गेलेले. आईसाठी म्हणून त्यांना गावाच्या कडेला एकमजली, ऐसपैस घर बांधायचं होतं. अण्णांनी सांगितलं की नुसता मेस्त्री नको, आमच्या सरांकडून नकाशा करून घेऊ. "त्यांच्या कामामागं विचार असतोय," हे त्यांनी आप्पांना माझ्यादेखत सांगितलं. माझं एकही काम तोवर झालेलं नव्हतं, ही गोष्ट तिथं कुणाला खटकली नाही. मला तर मुळीच नाही.

मी बोरगावला दोनदा जाऊन घरच्यांच्या मुलाखती घेतल्या. आप्पांच्या आईला सगळे अव्वा म्हणत. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायचं, अव्वा जास्त कानडीच बोलायच्या. मी त्यांना विचारलं की घर म्हणजे तुम्हाला काय वाटतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, "घर म्हणजे घर," असं म्हणाल्या आणि डाळ निवडायला आत गेल्या. मी ते वाक्य वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. मला ते फार खोल वाटलं होतं. अव्वा किती वाजता जेवतात, हे मात्र मी विचारलं नाही.

नकाशा मी जीव ओतून केला. मधे चौक. चौकाच्या पश्चिमेला परसाची बुटकी भिंत, पुढच्या बाजूला सोपा. स्वयंपाकघर आग्नेयेला, म्हणजे सकाळचं ऊन थेट ओट्यावर येणार. त्यावर मी पानभर लिहिलं होतं. स्वयंपाकघर आणि चौक यांच्यामधली भिंत मात्र मी सबंध ठेवली. खिडकी नाही, झरोका नाही. नकाशावर तिचं नाव लिहिलं होतं, 'मुकी भिंत'. घरात एक तरी भिंत गप्प असावी, असा माझा सिद्धान्त होता. आणि चौकाच्या पलीकडची, उत्तरेची भिंत काळ्या दगडाची, गिलावा न करता उघडी. दगड दगडासारखा दिसला पाहिजे. साहित्याशी प्रामाणिक राहायचं, हा दुसरा सिद्धान्त.

अण्णांनी तो नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोथीसारखा जपला. कामावरच्या गवंड्यांनी काही शंका काढली की ते पिशवीतून नकाशा काढत, उलगडत, बोट ठेवत आणि म्हणत, सरांनी लिवलंय. वाद तिथं संपे. मी दर शनिवारी खादीचा कुर्ता घालून जायचो आणि उत्तरेच्या भिंतीचे फोटो काढायचो.

संक्रांतीनंतरची गोष्ट. स्लॅब टाकून झाला होता, भिंती झाल्या होत्या, गिलावा चालू होता. आप्पांनी अव्वांना पहिल्यांदाच घर दाखवायला आणलं. साडेपाचचा सुमार. अव्वा सगळीकडे हळूहळू फिरल्या, सोप्यात थोडं बसल्या, चौकात उभ्या राहिल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि सुनेला पिशवीतून मूठभर तूरडाळ ताटात काढायला सांगितली. ती बरोबर आणली होती म्हणजे त्या ठरवूनच आल्या होत्या. ताट घेऊन त्या भुईवर बसल्या. ताट डोळ्यांजवळ नेलं. मग सरकून दाराशी बसल्या, परत आत आल्या. मग ताट खाली ठेवलं.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "इथं मला जेवता यायचं न्हाय."

मला काही कळेना. आप्पांनीच मग मला बाजूला घेऊन सांगितलं. अव्वा सूर्य मावळायच्या आत जेवतात. तेही दिव्याच्या उजेडात नाही. अन्नात किडामुंगी नाही हे दिवसाच्या उजेडात स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. अंधाऱ्या जागेत दिवसा जेवणं हेही त्यांच्या लेखी रात्रीचंच जेवण. चाळीस वर्षांचं व्रत आहे. आणि माझ्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन भरपूर होतं, पण दुपार कलली की उरलासुरला उजेड त्या मुक्या भिंतीच्या पलीकडेच थांबत होता.

मी म्हटलं, चांगले मोठे दिवे बसवू. हे वाक्य मी त्यांच्या सगळ्या सांगण्यानंतर म्हटलं, हे लिहिताना आजही कानशिलं तापतात.

आप्पा भांडले नाहीत. भांडले असते तर मला बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की असू दे, अव्वा जुन्या घरातच राहतील, दोन्ही वेळचं तिकडं पोचवू. जे घर आईसाठी बांधलं त्यात आई सोडून सगळे राहायला येणार होते.

परतताना निपाणीच्या बसस्टँडवर बेळगावच्या गाडीला वेळ होता. आम्ही हॉटेलात चहा घेत बसलो. मी अण्णांना विचारलं, हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं का? माझ्या आवाजात थोडा रागही असावा. पन्नास वर्षं भिंती बांधणाऱ्या माणसानं मला सावध करायला नको होतं का?

"पाया घालतानाच वाटलं हुतं," अण्णा म्हणाले. "संध्याकाळी हितं अंधार पडणार."

"मग बोलला का नाही?"

अण्णांनी कप खाली ठेवला. "मला वाटलं, त्याच्यामागं काय तरी विचार असंल."

त्यानंतर गाडी येईपर्यंत मी चहा ढवळत बसलो. त्यातली साखर केव्हाच विरघळली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी अण्णा वही घेऊन माडीवर आले. मी तोंड दाखवायच्या मनःस्थितीत नव्हतो, पण घर त्यांचंच होतं. त्यांनी वहीतलं एक पान काढून माझ्यापुढं धरलं. मोठ्या, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'उजेड उसना घेता येतो. समोरची भिंत पांढरी पायजे. भिंत ऊन खात न्हाय, पुढं ढकलते.' खाली लिहिलं होतं, 'सर'.

पावसाळ्यातल्या कुठल्यातरी तासाला मी हे बोललो होतो. कुठल्या पुस्तकातून वाचून दाखवलं होतं तेही मला आठवत नव्हतं. वर्गात ते सांगताना आपल्याला हे कधी वापरायचं आहे, असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

"सर," अण्णा म्हणाले, "हे कुणी करून बघितलंय?"

फ्रान्स माझ्या ओठापर्यंत आलं होतं. पण मी म्हटलं, "माहीत नाही, अण्णा."

अण्णांचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत माझ्या कुठल्या उत्तरानं ते एवढे खूश झाले नव्हते. "मग आपुन बघूया की," ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी आम्ही सकाळीच बोरगावला गेलो. मुकी भिंत अण्णांनी स्वतः उघडली. घण लावू दिला नाही. छिन्नीनं एकेक वीट सोडवून काढली, कानडीत मोजत, आणि सगळ्या विटा एका बाजूला रचून ठेवल्या. चारेक फुटांचं भगदाड पडायला दुपार झाली. पाच वाजता आम्ही स्वयंपाकघरात उभे राहून बघितलं. थोडा फरक पडला होता, पण फार नाही. परसाच्या बुटक्या भिंतीवरून ऊन चौकात तिरपं येत होतं, थेट समोरच्या माझ्या काळ्या दगडावर पडत होतं आणि तिथंच संपत होतं. माझा प्रामाणिक दगड सगळं ऊन गिळून बसला होता.

अण्णांनी आप्पांच्या सुनेला विचारलं की घरात पांढरं कापड किती आहे. तिनं जुन्या घरातून धोतरं, चादरी, एक मोठा पांढरा पडदा आणला. अण्णा आणि मी शिडीवर चढलो आणि ते सगळं काळ्या भिंतीवर, एकाला एक लागून, टांगलं. माझ्या त्या भिंतीवर कपडे वाळत घातल्यासारखे दिसत होते. मी खाली उतरून स्वयंपाकघरात आलो.

उजेड आत आला होता. ऊन नव्हे. मऊ, सारखा, सावली न पाडणारा उजेड, थेट ओट्याच्या कोपऱ्यापर्यंत. माझ्या हाताच्या पाठीवरचे केस मला दिसत होते. मी हे वर्गात शिकवलं होतं आणि ते खरं आहे हे बघून सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटलं होतं.

अव्वांना आणलं. त्या खाली बसल्या, ताट पुढं घेतलं. त्यांनी डाळ बोटांनी पसरली, एक खडा उचलून बाजूला ठेवला, मग आणखी एक, मग एक काळा दाणा. मग मान वर न करता म्हणाल्या, "काणस्तद." आणि मला कळावं म्हणून माझ्याकडे बघून, मराठीत, "दिसतंय."

आप्पा चौकात निघून गेले. पाठमोरे बराच वेळ उभे होते.

मी मात्र त्याही वेळी दगडाचाच विचार करत होतो. चादरी काही कायमच्या टांगता येणार नव्हत्या. भिंतीला चुना द्यावा लागणार हे उघड होतं. मी अण्णांना म्हणालो की दुसरा काही मार्ग निघेल का, चुना न लावता, दगडाचा प्रामाणिकपणा राखून. अण्णांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"दगड प्रामाणिक हाय, सर," ते म्हणाले. "पर अव्वांना जेवायचं हाय."

चुन्याचे तीन हात दिले. मी बघायला गेलो नाही. घरभरणीला गेलो, जेवलो, आप्पांनी शाल दिली. अव्वा नव्या घरात राहायला आल्या होत्या, आणि मुक्या भिंतीच्या जागी रुंद खिडकी होती.

यानंतर मी काय केलं असेल? मी त्यावर निबंध लिहिला. उसन्या उजेडाचा सिद्धान्त आणि त्याचं उपयोजन. आकृत्या काढल्या, बाण दाखवले. 'आम्ही असं गृहीत धरलं,' 'आमच्या असं निदर्शनास आलं,' अशी वाक्यं लिहिली. त्या 'आम्ही'मध्ये कोण कोण आहे हे वाचणाऱ्यावर सोडलं. शेवटी एका ओळीत स्थानिक कारागिरांचे आभार. पुढच्या वर्षी पाऊस सुरू झाला तेव्हा कोल्हापुरातल्या एका चर्चासत्रात तो वाचायचं आमंत्रण आलं. मी अण्णांना बरोबर नेलं. त्यांना मान मिळावा म्हणून नेतोय, असं मी आक्कांना सांगितलं. खरं म्हणजे टाळ्या पडताना त्यांनी मला बघावं, असं मला वाटत होतं.

अण्णा पहिल्या रांगेत बसले आणि त्यांनी सगळं उतरवून घेतलं. स्वतःच्याच हातानं केलेली गोष्ट ते माझ्या तोंडून ऐकून, मान डोलवत, लिहून घेत होते. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी कुणाला काही विचारायचं आहे का म्हणून विचारलं. अण्णांनी वर्गात करत तसा हात वर केला आणि उभे राहिले.

"सरांचं लई चांगलं झालं," ते म्हणाले. "एवढंच, एक सांगायचं राहिलं त्यांचं. दसऱ्यापासनं होळीपर्यंत भिंत काम करती. होळीनंतर सूर्य उत्तरेला सरकतोय, भिंतीच्या पाठीमागं जातोय. उन्हाळ्यात लख्ख असतंय, निभतंय. पावसाळ्यात न्हाय निभत. तवा अव्वा ताट घिऊन सोप्यात बसत्यात. तेवढं लिवून घ्या."

सभागृहात काहींनी खरंच लिहून घेतलं. अध्यक्ष पुढं झुकले आणि त्यांनी विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत?

"मी जातोय की दर महिन्याला. बघाय नको काय?"

अध्यक्ष माझ्याकडे वळले. निबंधात याचा उल्लेख दिसला नाही, असं ते अगदी सौम्यपणे म्हणाले, आणि मी त्या घरी शेवटचा कधी गेलो होतो ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं, घरभरणीला. माइक चांगला होता. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

परतीच्या गाडीत मी निबंधाचे कागद घडी घालून पिशवीच्या तळाशी कोंबले. संकेश्वर गेल्यावर अण्णांनी विचारलं की त्यांचं काही चुकलं का. त्यांना खरंच कळत नव्हतं. राहिलेली गोष्ट सांगितली, यात चुकण्यासारखं त्यांना काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, तुमचं नाही चुकलं. मग खिडकीबाहेर बघत विचारलं, पुढच्या वेळी बोरगावला कधी जाणार आहात?

शनिवारी गेलो. आभाळ सकाळपासून भरलेलं, निपाणीच्या पुढं रस्त्यावर पाणी. आम्ही पोचलो तेव्हा सहा वाजत होते. अण्णा चप्पल काढून सरळ चौकात गेले आणि पांढऱ्या भिंतीला हात लावून बघू लागले. मी सोप्याशीच थांबलो.

अव्वा सोप्याच्या कडेला, पागोळ्यांपासून हातभर अंतरावर, ताट घेऊन बसल्या होत्या. तिथं उजेड होता. दोन भाकरी, आमटी, भाताची मूद. भाकरीचा तुकडा त्या आधी उजेडाकडे धरत, मग मोडत. मला बघून त्यांचा हात थांबला.

"पुण्याला गेलासा, असं वाटलं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, नाही अव्वा, इथंच होतो. बेळगावात.

त्यांनी हातातला तुकडा आमटीत बुडवला.

"म्हंजे जवळच हुतासा," त्या म्हणाल्या. मग आत वळून सुनेला कानडीत दोन ताटं आणायला सांगितली आणि स्वतः जराशी सरकून मला जागा करून दिली. "बसा. उजेड हाय तवर जेवून घ्या."